बाटलीआधी मोजमाप

रीफ टँक नव्याने सुरू केलेला माणूस दुकानदाराला हमखास विचारतो, "आता यात काय काय घालायचं?" समोरच्या फळीवर उत्तरांची कमतरता नसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, पोटॅशियम, अमिनो आम्लं, बॅक्टेरियाच्या कुप्या, पीएच वाढवणारी पावडर, रंग खुलवणारं द्रावण. प्रत्येक बाटलीवर रंगीत प्रवाळाचं चित्र आणि "आठवड्यातून दोन वेळा" अशी ठाम सूचना. टाकी किती लिटरची आहे, तिच्यात कुठले प्रवाळ आहेत, त्यांनी आतापर्यंत काय वापरलं आहे, हे त्या बाटलीला ठाऊक नसतं.

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे, आणि उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. टाकीने जे खर्च केलं ते, आणि खर्च केलं तेवढंच, परत द्यायचं. बहुतेक टाक्यांना बाहेरून नियमित द्यावी लागणारी द्रव्यं तीनच आहेत: अल्कलिनिटी टिकवणारं कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट, कॅल्शियम, आणि थोडंसं मॅग्नेशियम. बाकी जवळजवळ सगळं चांगल्या मिठाने केलेल्या नियमित पाणीबदलातून मिळतं. पुढची प्रकरणं या विधानाचा तपशील आहेत.

हे विधान ज्या पायावर उभं आहे तो पाया दीडशे वर्षांपूर्वी घातला गेला. 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज 1872 ते 1876 या काळात जगातल्या महासागरांतून फिरलं. त्याने ठिकठिकाणाहून, वेगवेगळ्या खोलीवरून पाण्याचे नमुने आणले. त्यांतल्या 77 नमुन्यांचं बारकाईने पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि 1884 मध्ये निष्कर्ष मांडला: पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच असतं. म्हणूनच आज एखादा कारखाना पुडक्यात मीठ भरतो, आपण ते शुद्ध पाण्यात विरघळवतो, आणि समुद्राच्या बरंच जवळ जाणारं पाणी घरात तयार होतं. क्षारता हजारी 35 असेल तर त्यात लिटरला सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम, 1290 च्या आसपास मॅग्नेशियम, 400 च्या आसपास पोटॅशियम आणि 8 मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम असतं. अल्कलिनिटी, डीकेएच या तिच्या एककात, साधारण 7.

या आकड्यांचा व्यवहारातला पहिला उपयोग असा की एखादं द्रव्य कमी आढळलं तर बाटली उघडण्याआधी क्षारता तपासायची. क्षारता 35 ऐवजी 32 वर आली असेल तर 420 चं कॅल्शियम आपोआप 384 होतं, आणि मॅग्नेशियमही त्याच हिशेबात घसरतं. अशा टाकीला कॅल्शियमची नाही, मिठाची गरज असते. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. 35 च्या प्रमाणित द्रावणावर तो पारखावा लागतो. एवढी एक गोष्ट केली तरी अनेकांच्या घरातल्या निम्म्या बाटल्या अनावश्यक ठरतील, असं माझं मत आहे.

आता खर्चाकडे वळू. कठीण प्रवाळ आपला सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. शिंपले, नळीतले किडे, दगडांवर पसरणारं गुलाबी-जांभळं चुनखडी शेवाळ हेही तेच करतात. या बांधकामात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या जोडीने वापरली जाते: लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की 2.8 डीकेएच अल्कलिनिटी जाते. ही जोडी नीट समजली नाही तर पुढचं सगळं धूसर राहतं, म्हणून एक उदाहरण घेऊ. 200 लिटरच्या टाकीत प्रवाळांनी 100 ग्रॅम नवा सांगाडा बांधला आणि आपण काहीच भरून काढलं नाही असं समजा. 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटात 40 ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे लिटरमागे 200 मिलिग्रॅम. पाण्यात 420 होतं, तर निम्म्याहून थोडं जास्त अजून उरतं. पण त्याच बांधकामाला अल्कलिनिटी लागते 28 डीकेएच, आणि पाण्यात होती सात! कॅल्शियम अर्ध्यावर येण्याच्या कितीतरी आधी अल्कलिनिटी संपते. प्रत्यक्षात ती संपण्यापूर्वीच प्रवाळ वाढ थांबवतात आणि टोकांपासून मरायला लागतात.

त्यामुळे नवशिक्याने पहिल्यांदा कुठलं टेस्ट किट घ्यावं, यावर माझ्या मनात शंका नाही. अल्कलिनिटीचं. कॅल्शियम आठवड्यातून एकदा मोजलं तरी चालतं, मॅग्नेशियम महिन्यातून एकदा. अल्कलिनिटी मात्र छोट्या पॉलिपचे प्रवाळ भरलेल्या टाकीत एका दिवसात 1 डीकेएच किंवा त्याहूनही जास्त उतरू शकते. उलट मश्रूम, झोअँथिड आणि लेदर कोरल एवढंच असलेल्या टाकीत ती आठवडाभर जागची हलत नाही. अशा टाकीला रोज कॅल्शियम पाजणाऱ्याने पैसे तर घालवलेच, शिवाय तोल बिघडवण्याची सोयही करून ठेवली.

किती अल्कलिनिटी ठेवावी, यावर हौशी लोकांत फार वाद होतात. 7 ते 9 डीकेएचच्या मधला कुठलाही आकडा चालतो, हे माझं उत्तर. त्या आकड्यावर टाकी रोज उभी राहिली पाहिजे. सकाळी 7, रात्री 9, दुसऱ्या दिवशी पुन्हा 7 असा झोका प्रवाळांना सोसत नाही. नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असलेल्या टाकीत अल्कलिनिटी 10-11 वर नेली की अ‍ॅक्रोपोराची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडतात, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. इथे मिठाकडेही लक्ष द्यायला हवं. काही 'रीफ' मिठं मुद्दाम 11-12 डीकेएचची बनवलेली असतात. टाकी 7.5 वर स्थिर असताना अशा मिठाने मोठा पाणीबदल केला, तर तो पाणीबदलच झटका देतो. नवं मीठ कालवल्यावर ते पाणी आधी मोजावं, मग ओतावं.

मॅग्नेशियमचं काम वेगळं आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं की रसायनशास्त्राच्या नियमाने ते एकत्र येऊन साका बसायला हवा. मॅग्नेशियम नव्याने बनू पाहणाऱ्या कणांच्या पृष्ठभागात घुसून त्यांची वाढ रोखतं. ते फार कमी झालं की हीटरवर, पंपांच्या चाकांवर पांढरे थर चढतात आणि कितीही घातलं तरी कॅल्शियम व अल्कलिनिटी वर येत नाहीत. 1250 ते 1350 मध्ये असेल तर त्याला हात लावू नये.

आता या पुस्तकातला माझ्या आवडीचा भाग: चुन्याची निवळी. जर्मनीत पीटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात ती सागरी टाक्यांसाठी प्रचारात आणली आणि 'काल्कवासर' या नावाने ती जगभर गेली. आपल्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर मारून जी दुधाळ करतात, तीच ही निवळी. टाकीसाठी तिचा मोठा गुण असा की तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सांगाड्याला लागते त्याच जोडीने मिळते, आणि मागे दुसरा कुठलाही क्षार उरत नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळवलं आणि ती लिटरभर निवळी 100 लिटरच्या टाकीत गेली, तर सुमारे 1.1 डीकेएच अल्कलिनिटी आणि लिटरमागे 8 मिलिग्रॅम कॅल्शियम वाढतं. तिचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच सोडायची, शक्यतो रात्री, जेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो. भांड्यावर झाकण हवं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्यावर पांढरी साय आणतो आणि तेवढा चुना वाया जातो. तळाचा गाळ टाकीत घालू नये. चुन्यातलं मॅग्नेशियम आणि बरेचसे जड धातू त्या गाळातच अडकून राहतात. पानाच्या टपरीवरचा ओला चुना वापरला तर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही, म्हणून नको. खाद्य दर्जाची किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाची कोरडी पूड घ्यावी. ती महाग नसते.

निवळी वापरण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी ती भरायची. इथेच आपल्या हवामानाचा प्रश्न येतो, आणि परदेशी पुस्तकांत त्याचं उत्तर मिळत नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे महिन्यात टाकीवर पंखा लावलेला असतो, रोज बरंच पाणी उडतं आणि निवळीही भरपूर जाते. जुलैत हवा ओली असते, पंखा बंद असतो, पाणी उडतच नाही. प्रवाळांची भूक तेवढीच राहते आणि अल्कलिनिटी गुपचूप उतरायला लागते. जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी वाचकांकडे हेच चक्र उलटं फिरतं: थंडीत हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि निवळी गरजेपेक्षा जास्त जाऊ लागते. म्हणून कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर निवळीच्या जोडीला दुसरी पद्धत तयार ठेवावी.

ती दुसरी पद्धत म्हणजे दोन द्रावणांची. एका भांड्यात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या नळीने, डोसिंग पंपातून. हान्स-वेर्नर बालिंग यांनी ती जर्मनीत नीट बसवली, म्हणून तिला त्यांचंच नाव मिळालं. पुढे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी साध्या, स्वस्त रसायनांतून ती घरी कशी करायची याच्या कृती सर्वांसाठी खुल्या केल्या. या विषयावर त्यांच्याइतकं स्पष्ट लेखन दुसऱ्या कुणी केलं आहे असं मला वाटत नाही. महागड्या बाटल्यांतही बहुधा हीच दोन द्रव्यं असतात. 100 लिटरमध्ये 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम खायचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर मात्र चालत नाही, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. लिटरमागे 10 मिलिग्रॅम कॅल्शियम वाढवायला तेवढ्याच पाण्यात 3.7 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. हे क्लोराइड हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा आठवड्यात पाझरायला लागतो, आणि मग ताजव्यावर दिसणाऱ्या ग्रॅमात क्लोराइड किती आणि पाणी किती, हे कळेनासं होतं. नवा डबा उघडला की सगळ्याचं एकदम द्रावण करून बाटलीत भरून ठेवणं उत्तम. या पद्धतीत हळूहळू साधं मीठ साचतं, तेव्हा क्षारतेवर नजर हवी. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर हा तिसरा मार्ग मोठ्या आणि प्रवाळांनी गच्च भरलेल्या टाक्यांसाठी चांगला आहे. त्याचं स्वतंत्र प्रकरण पुढे आहे.

पीएचविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुकीची बाटली सर्वांत जास्त याच कारणाने विकत घेतली जाते. एसी लावलेल्या बंद दिवाणखान्यात रात्री चार-पाच माणसं बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच 8.1 वरून 7.8 वर येतो. टाकीचा मालक घाबरून 'पीएच बफर' ओततो. त्या पावडरीत असतं कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट, म्हणजे अल्कलिनिटीच. पीएच तासाभरासाठी चढतो, पुन्हा उतरतो, पुन्हा पावडर पडते. आठवड्याच्या शेवटी पीएच तिथेच असतो आणि अल्कलिनिटी 13 वर गेलेली असते. खिडकी उघडणं किंवा प्रोटीन स्किमरची हवेची नळी घराबाहेर काढणं, हे यावरचे खरे उपाय. दोन्ही फुकट.

सूक्ष्म द्रव्यांबद्दल माझी भूमिका कडक आहे. समुद्रात आयोडीन लिटरला सुमारे 0.06 मिलिग्रॅम असतं. इतक्या बारीक पातळीवरच्या गोष्टीत "अंदाजाने दोन थेंब" ही भाषा धोक्याची आहे, कारण आयोडीन जास्त झालं की ते विषारी ठरतं. स्ट्रॉन्शियम सांगाड्यात कॅल्शियमच्या शेजारी जाऊन बसतं हे खरं, पण ते वेगळं घातल्याने घरच्या टाकीतले प्रवाळ अधिक चांगले वाढतात, याला भक्कम आधार मला दिसलेला नाही. तांब्याचं तर नावच नको. माशांच्या औषधातून किंवा पितळी जोडणीतून आलेलं थोडं तांबंही कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांचा जीव घेतं. सूक्ष्म द्रव्यं द्यायचीच असतील तर आधी पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा, एकदा नव्हे, काही महिन्यांच्या अंतराने दोनदा, आणि दोन्ही अहवालांत जे घसरलेलं दिसेल तेवढ्याचाच विचार करावा.

नायट्रेट आणि फॉस्फेट या बाबतीत गेल्या दोन दशकांत मत बरंच बदललं. पूर्वी दोन्ही शून्यावर आणणं हे ध्येय मानलं जाई. त्यासाठी लोक व्होडका किंवा व्हिनेगर घालत, आजही घालतात. त्यातला कार्बन बॅक्टेरियांना वाढवतो, बॅक्टेरिया नायट्रेट-फॉस्फेट शोषतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. पद्धत चालते, पण मोजमापाशिवाय केली तर नको तितकी चालते. शून्याला टेकलेल्या टाकीत प्रवाळ फिके पडतात आणि तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेटचा उपद्रव सुरू होण्याची शक्यता वाढते. साउदॅम्प्टन विद्यापीठातले यॉर्ग वीडेनमान आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट मात्र अपुरं, अशा स्थितीत प्रवाळ ऊन आणि उष्णतेने पांढरे पडायला अधिक सोपे बळी ठरतात. म्हणजे फॉस्फेट पूर्ण शोषून घेणारं लोहाचं माध्यम भांडंभर वापरणं हे स्वच्छतेचं लक्षण नव्हे. थोडं नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट टाकीत असू द्यावं. ते कमी पडत असेल तर बहुतेक वेळा माशांना जरा जास्त खाऊ घालणं हेच उत्तम पूरक ठरतं. अमिनो आम्लांच्या बाटल्यांवर या पुस्तकात दोनच पानं आहेत, तेवढी पुरेत.

पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पडतो. समुद्र दारात असताना पुडक्यातलं मीठ कशाला? कोकण किनाऱ्यालगत पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून क्षारता बरीच उतरते, आणि शहरांजवळच्या पाण्यात सांडपाणी व तेल असतं. डिटमारचा नियम खुल्या समुद्राचा आहे, खाडीच्या तोंडाचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन, सिलिकेट, कधी तांबंही असतं. म्हणून आरओ आणि डीआय दोन्हीतून गेलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी आणि चांगलं मीठ, यावर तडजोड करू नये. बाटल्यांवर होणारा खर्च आधी या दोन गोष्टींवर करावा.

आणखी एक गोष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपल्याकडेही प्रवाळ आहेत. तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, खुल्या समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी अँग्रिया बँक आहे. तिथल्या बुडालेल्या पठारावरही प्रवाळांची वस्ती आहे. भारतातले सर्व कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून त्यांचा तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही लहान असो. "लाइव्ह रॉक" म्हणून कुणी स्थानिक प्रवाळाचा दगड विकत असेल तर तो घेऊ नये आणि अशा दुकानात पुन्हा जाऊ नये. टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे हौशी लोक एकमेकांना देतात, ती चांगली रीत आहे. पण परदेशी प्रजातींच्या बाबतीतही कागदपत्रं आणि नोंदणीचे नियम पाहूनच व्यवहार करावा. घरात अ‍ॅक्रोपोरा जगवण्यासाठी इतकी मेहनत घेणाऱ्या माणसाला मालवणच्या प्रवाळाची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

पुस्तकाची रचना एकरेषी नाही. अल्कलिनिटी आणि निवळीची प्रकरणं लांब आहेत, कारण टाक्या तिथेच जगतात किंवा मरतात. ज्यांची टाकी आधीच चालू आहे त्यांना एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी सलग सात दिवस, रोज एकाच वेळी, काहीही न घालता क्षारता आणि अल्कलिनिटी मोजा आणि वहीत लिहा. अल्कलिनिटी 6 डीकेएचपर्यंत उतरली तर सातव्या दिवसाची वाट पाहू नका. तिथेच थांबा, तुमचा आकडा मिळाला आहे. पहिल्या प्रकरणातलं कोष्टक त्या आकड्यांवरच चालतं.